बुधाचा एकांत आणि माचीचा सातबारा : गो. नी. दांडेकरांच्या अरण्यवासी नायकाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

गो. नी. दांडेकर यांच्या ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबरीविषयी बोलताना ‘निसर्गाशी तादात्म्य’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतक्या सहजतेने वापरला जातो की, त्यापुढे काही विचारावयाचे शिल्लक राहते असे वाटेनासे होते. मुंबईत आयुष्य घालविलेला एक वृद्ध राजमाचीवर येतो, माणसांच्या गजबजाटापासून दूर एकटा राहू लागतो, झाडे, पाखरे, खार, टिप्या नावाचा कुत्रा हेच त्याचे गणगोत होतात आणि अखेरीस तो त्याच मातीत विसावतो. कथानक एवढेच. त्यामुळे ही कादंबरी कोणी निसर्गकाव्य म्हणून वाचतात, कोणी तीत वानप्रस्थाश्रमाचे आधुनिक रूप पाहतात, तर काहींना ती शहरी जीवनाला विटलेल्या मनाचे पलायन वाटते. या तिन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे. बुधाने समाज ‘सोडला’ हे तिन्ही वाचने गृहीत धरतात.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाचाच विचार करावयाचा आहे. बुधा समाज सोडून अरण्यात जातो की एका जागेवरचा आपला जुना हक्क बजावण्यासाठी परत येतो? हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. अरण्यात एकट्याने राहणाऱ्या माणसाकडे आपण भावुकतेने पाहतो, तेव्हा तो ज्या जमिनीवर उभा आहे ती कोणाची, तेथे राहण्याची मुभा त्याला कोणी दिली, आणि तो येण्यापूर्वी तेथे कोण होते, हे प्रश्न आपण विचारीत नाही. पनवेल परिसरात अध्यापन करणाऱ्यास तरी ते टाळता येऊ नयेत. कर्नाळ्याचा सुळका, माथेरान-प्रबळगडाचे डोंगर आणि त्यांच्या उतारावरील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या हे सारे आपल्या महाविद्यालयांच्या गच्चीवरून दिसते.

सोडणे आणि परतणे

दांडेकरांना घर सोडण्याचा अनुभव पुस्तकी नव्हता. १९१६ साली परतवाड्यास जन्मलेला हा लेखक शाळकरी वयातच स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने घराबाहेर पडला. पुढे गाडगेमहाराजांचा सहवास, संतवाङ्मयाचे अध्ययन, नर्मदापरिक्रमा, गडकोटांची अखंड भटकंती असा त्यांचा प्रवास झाला. तळेगाव दाभाडे येथे स्थिरावल्यानंतरही त्यांचे पाय घरात फारसे टिकले नाहीत. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’तील परिक्रमावासी आणि ‘माचीवरला बुधा’तील बुधा ही दोन्ही पात्रे एकाच लेखकाची असली, तरी त्यांच्या एकांताची जात भिन्न आहे. परिक्रमावासी चालत असतो. त्याला जागा नसते, आणि नसावी हाच त्याचा नेम असतो. बुधा याच्या उलट आहे. त्याला एकच जागा हवी आहे, दुसरी कोणतीही चालणार नाही.

हा भेद मराठी परंपरेच्या संदर्भात पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. महानुभाव पंथाने अनुयायांस सांगितलेले अटन आणि विजन हे दोन आचार कोणत्याही स्थानाशी आसक्ती जडू नये यासाठीच आहेत. वारकरी परंपरा तर अरण्यवासाकडे मुळातच साशंकतेने पाहते. ज्ञानदेवांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, काशीस जाऊन संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले आणि त्याचे प्रायश्चित्त चारही मुलांस भोगावे लागले, ही कथा मराठी मनात खोल रुजलेली आहे. आपल्याकडे जाणाऱ्यापेक्षा परत येणाऱ्याला समाजाने अधिक छळले, असेच या कथेवरून म्हणावे लागेल. एकनाथांनी प्रपंच टाकला नाही. तुकोबा भामचंद्र, भंडारा या डोंगरांवर जात, परंतु हे डोंगर देहूपासून पायी जाता येण्याइतके जवळ होते आणि त्यांचे कीर्तन गावातच होई. ‘वनवास’ हा शब्दही मराठीत आवडीने पत्करलेल्या जीवनासाठी येत नाही. सासुरवाशिणीच्या तोंडी तो येतो, पोरक्या मुलाविषयी येतो. त्याचा अर्थ हालअपेष्टा असाच आहे.

बुधाला वानप्रस्थी म्हणण्यात आणखी एक अडचण आहे. केस पिकले, नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनात जावे, ही मनुस्मृतीची आज्ञा द्विजांसाठी होती. ती भोगून झालेल्या प्रपंचाचा त्याग सांगते. आयुष्यभर दुसऱ्याचे काम करीत आलेल्या मावळातील कष्टकऱ्याने नेमके कशाचा त्याग करावा? त्याच्यापाशी टाकण्यासारखे काही नव्हतेच. मुंबईच्या कामगारवस्तीचा इतिहास पाहता असे दिसते की, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्यांत, गोदीत वा घरकामात राबणाऱ्या असंख्य पुरुषांची बायकामुले आणि जमिनीचा तुकडा गावीच राहत असे. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष, खानावळी, गावकीच्या खोल्या ही त्या जीवनाची अंगे होत. शहराने माणसाची कमावती वर्षे घ्यावयाची आणि आजारपण, बेकारी, संपाचे दिवस व म्हातारपण यांचा भार गावाने सोसावयाचा, अशी ही अलिखित वाटणी होती. या पार्श्वभूमीवर बुधाचे माचीवर येणे मुळीच विलक्षण नाही. त्याच्यासारखे हजारो आले. विलक्षण आहे ते एवढेच की, परत आल्यावर तो गावात सामावून जात नाही, गावाच्याही पलीकडे जाऊन राहतो.

येथे राजमाचीची रचना ध्यानात घ्यावयास हवी. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्या पायाशी माची, माचीवर उधेवाडीची वस्ती, तळे, जुने शिवमंदिर आणि एका अंगाला कोंढाण्याच्या लेण्यांकडे तुटत गेलेला कडा. किल्ला मावळ तालुक्यात, परंतु त्याचा उतार कर्जतकडे उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे ही जागा निर्जन अरण्य कधीच नव्हती. बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारी ती शतकानुशतकांची राबती जागा आहे. बुधाच्या एकांताला हाकेच्या अंतरावर नसले, तरी चालून जाता येईल इतक्या अंतरावर गाव आहे. त्या गावाला तो कोणाचा कोण हे ठाऊक आहे. अनोळखी माणूस असा एकटा येऊन राहिला असता, तर गावाने त्याला बैरागी तरी मानले असते किंवा चोर तरी. बुधाला या दोहोंपैकी काहीच व्हावे लागत नाही. त्याचा एकांत त्याच्या ओळखीवर उभा आहे, आणि या कादंबरीची खरी ताकद मला तेथे दिसते. दांडेकर झाडापाखरांना ज्या नात्यांनी बुधाशी जोडतात, ती नाती मानवी समाजातूनच उसनी आणलेली आहेत. समाज खरोखरच सुटला असता, तर ही आप्तभावाची भाषा त्याच्यापाशी उरली नसती.

हिशेब ठेवणारा एकांत

बुधाच्या संदर्भात अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याचे नाव घेण्याची रीत आहे, आणि मराठी वाचकाला थोरो भेटतो तो मुख्यतः दुर्गा भागवत यांच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या अनुवादातून. थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तेथून निघाला. झोपडीला आलेला खर्च त्याने २८ डॉलर साडेबारा सेंट असा, अर्ध्या सेंटापर्यंत लिहून ठेवला आहे. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. कॉन्कर्ड गाव दीड-दोन मैलांवर होते आणि तो तेथे वारंवार जात असे. या गोष्टीवरून त्याची थट्टा करणारे पुष्कळ आहेत, परंतु मला ती थट्टा अप्रस्तुत वाटते. हिशेब मांडून त्याने आपला एकांत तपासण्यासाठी खुला केला. किती शेंगा पेरल्या, किती विकल्या, खिळ्यांना काय पडले, हे वाचकाला पडताळता येते.

बुधाच्या बाबतीत असा हिशेब नाही. हिशेब हा दांडेकरांच्या लेखणीचा स्वभाव नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याचे चार महिने काढावयाचे म्हणजे आधी लाकूडफाटा भरून ठेवणे, गवताने छप्पर शाकारणे, भाजावळीसाठी राब जमविणे, नाचणी-वरीची लावणी, इरले डोक्यावर घेऊन चिखलात दिवसभर वाकणे. साठी ओलांडलेल्या एकट्या माणसाला हे कसे झेपते? गोनीदांच्या गद्यात पाऊस अतिशय देखणा येतो. त्यांची मावळी बोलीची जाण, ऋतूंप्रमाणे बदलणारी वाक्यांची चाल, यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या देखणेपणात पोटाचा प्रश्न मऊ होऊन जातो, हेही नोंदविले पाहिजे. शहरी वाचकाला बुधा इतका प्रिय का झाला, याचे उत्तर काही अंशी यातच आहे. ज्याच्या भाकरीचा हिशेब विचारावा लागत नाही, अशा एकट्या माणसावर प्रेम करणे सोपे जाते.

थोरोकडे पुन्हा वळावयाचे तर, त्याचा एकांत तळ्याकाठी संपत नाही. १८४६च्या जुलैमध्ये, वॉल्डनला राहत असतानाच, गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देण्याचे नाकारून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. दुर्गाबाईंनी थोरोचा हा धागा केवळ अनुवादात ठेवला नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीचा जाहीर निषेध केला आणि पुढे कारावासही पत्करला. एकांतातून मिळालेले बळ चौकात वापरावयाचे असते, अशी एकांताची ही दुसरी धारणा आहे.

जाता जाता एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. थोरो ज्या वर्षी वॉल्डनला गेला, त्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी, पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी करणारा हा गृहस्थ १८७६-७७च्या दुष्काळानंतर घरदार व नोकरी टाकून रामोश्यांसह डोंगरात गेला. बंडाच्या धामधुमीत काही काळ ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या अरण्यातील देवस्थानी जाऊन राहिल्याची हकिकत त्यांच्या चरित्रात येते. तेथून ते पुन्हा संघर्षाकडेच वळले, जुलै १८७९मध्ये पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मरण पावले. फडक्यांना एकांतवासी कोणी म्हणणार नाही. तरी रूढ समाजजीवन सोडून रानात जाणाऱ्या माणसाचे या तालुक्यातील सर्वांत ठळक उदाहरण कोणते, असे विचारले तर तेच नाव पुढे येते. रानाला त्यांच्या लेखी विसाव्याचा अर्थ नव्हता.

रान कोणाचे?

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’ (१९३९) या बंगाली कादंबरीचा नायक सत्यचरण हा बिहारमधील अरण्यात जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून जातो. त्या रानाच्या तो प्रेमात पडतो, आणि त्याचे काम मात्र ते रान कुळांना लागवडीसाठी वाटून टाकण्याचे असते. जे आवडले ते आपल्याच हातांनी नाहीसे केले, ही अपराधी जाणीव त्या कादंबरीला तोलून धरते. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्यासारखा लेखक वनखात्याच्या नोकरीमुळे दीर्घकाळ जंगलात राहिला आणि त्याने जंगलाची एक स्वतंत्र परिभाषा मराठीला दिली. परंतु वनखाते ही संस्था म्हणून त्यांच्या लेखनाचा क्वचितच विषय होते. ज्या खात्याने १८७८च्या वनकायद्यानंतर डोंगर राखीव केले, त्याच्याविषयी डोंगरउतारावरील माणसाचे मत निराळे असते.

हे मत ऐकावयाचे असल्यास दांडेकरांच्याच दुसऱ्या कादंबरीकडे, ‘जैत रे जैत’कडे (१९६५) जावे. ती ठाकरांची गोष्ट आहे. जब्बार पटेल यांनी १९७७ साली तिच्यावर केलेल्या चित्रपटाचे चित्रीकरणही कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडी परिसरात झाले, त्यामुळे पनवेलकरांना तो सुळका, ती आग्या मोहोळे परकी नाहीत. नाग्या राणी माशीच्या शोधाने झपाटलेला आहे. तोही आपल्या परीने एकटा आहे. परंतु त्याच्या जगात ‘अरण्य’ नावाची वेगळी जागा नाही. लिंगोबाचा डोंगर हा देव आहे, कुरण आहे, मधाची आणि सरपणाची जागा आहे आणि मरणाचीही. जो मुळातच रानात राहतो, त्याला समाज सोडून रानात जाता येत नाही. बुधा आणि नाग्या यांना एका वर्गात बसवून दोघांनाही ‘निसर्गपुत्र’ म्हणणे ही आपल्या अध्यापनातील मोठी ढिलाई आहे.

ढिलाई म्हणावयाचे कारण असे की, या दोघांचे रानाशी असलेले नाते कागदावर निरनिराळे आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात ब्रिटिश अमदानीपासून ठाकूर-कातकऱ्यांना डोंगरउतारावरील वनजमिनी नाचणी-वरीसाठी कसावयास दिल्या जात. त्यांना दळी जमिनी म्हणतात. कसणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, तरी मालकी वनखात्याचीच राहिली. २००६च्या वनहक्क कायद्याने या कसणुकीच्या मान्यतेचा मार्ग उघडला आणि मग पुरावे, दावे, मोजणी यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुसरीकडे १ एप्रिल १९५७ या ‘कृषिदिना’पासून कुळकायद्याने कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानले. ‘माचीवरला बुधा’ प्रसिद्ध झाली ती पुढच्याच वर्षी. कादंबरीचा तो विषय नाही, आणि दांडेकरांनी तो घ्यावयास हवा होता असेही माझे म्हणणे नाही. पण महाराष्ट्रात जमीन आणि माणूस यांचे नाते सातबाऱ्यावर नव्याने लिहिले जात असताना, मराठीतील सर्वांत लोकप्रिय एकांतवासी अशा माचीवर येऊन बसतो की जेथे तलाठ्याचे पाऊल कथेत पडत नाही, हे समीक्षकाने पाहावयास नको काय?

आज या प्रश्नाला पनवेल-कर्जत पट्ट्यात निराळेच टोक आले आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून या पट्ट्यात ‘निसर्गाच्या कुशीत’ फार्महाऊस विकणाऱ्या जाहिरातींची संख्या वाढतच गेली. कुळकायद्याच्या कलम ६३नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणून एकांत हवा असणाऱ्यास आधी कागदोपत्री शेतकरी असावे लागते किंवा जमीन बिनशेती करून घ्यावी लागते. कुंपण, राखणदार, विंधनविहीर आणि शनिवार-रविवारचा मुक्काम असे त्या एकांताचे रूप असते. राखणदाराचे कुटुंब बहुधा जवळच्या वाडीतीलच असते. ज्या डोंगरावर त्याचा आजा वरी पेरीत होता, तो डोंगर तो आता दुसऱ्याच्या वतीने राखतो. राजमाचीवरही काजव्यांच्या दिवसांत इतके लोक चढतात की, उधेवाडीच्या ओट्यांवर पाय ठेवावयास जागा मिळू नये. त्यांतील कित्येकांनी ‘माचीवरला बुधा’ वाचलेली असते, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्याविषयी मला आकसही नाही, गावाला त्यातून चार पैसे मिळतात.

वर्गातील अनुभव मात्र अधिक गंभीर आहे. पनवेल, उरण परिसरातील आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत गाव सोडणे ही कल्पनेतील गोष्ट नाही. सिडकोने १९७०पासून नवी मुंबईसाठी येथील गावांच्या जमिनी संपादित केल्या. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी दहा गावे हलविण्यात आली, उलव्याची टेकडी कापून काढण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. या गावांतील एखादा बुधा मुंबईतील नोकरी संपवून परत येऊ पाहील, तर त्याला माची सापडणार नाही. बुधाच्या एकांतासाठी त्याचा स्वभाव आवश्यक होता हे खरेच. पण त्याआधी माची जागेवर असणे आवश्यक होते. ही अट कादंबरीत कोठेही उच्चारलेली नाही, कारण १९५८ साली ती उच्चारण्याची गरज कोणाला भासली नसावी. आपल्या विद्यार्थ्यांना ती पहिल्याच वाचनात जाणवते, आणि ‘निसर्गाशी तादात्म्य’ या विषयावर टिपण लिहावयास सांगणारा अध्यापक त्यांना तेथून दूर नेतो.

एक मुद्दा राहिला. या लेखात आलेले अरण्यवासी जवळजवळ सर्व पुरुष आहेत. ‘जैत रे जैत’मधील चिंधी नवरा सोडून येते, परंतु ती एकटी राहावयास येत नाही, नाग्याच्या ध्यासात सहभागी व्हावयास येते, आणि चित्रपटाच्या अखेरीस डोंगर तिचाच बळी घेतो. स्त्रीला रानात एकटीने जावयाचे तर मराठी समाजाने तिला सीतेचा वनवास तरी दिला किंवा काही काम तरी सोबत बांधून दिले. दुर्गाबाई तरुणपणी मध्य प्रांतातील गोंड वस्त्यांत हिंडल्या त्या संशोधनासाठी, आणि त्या भटकंतीत जडलेल्या आजाराने त्यांची पुढील काही वर्षे अंथरुणात गेली. बुधाच्या जागी एखादी वृद्धा माचीवर येऊन एकटी राहू लागली असती, तर उधेवाडीने तिला काय म्हटले असते, हे विचारून पाहावे. दांडेकरांनी ‘पडघवली’त अंबावहिनीला गाव धरून ठेवावयास लावले आहे. गाव सोडून माथ्यावर जाण्याची मुभा त्यांच्या जगात पुरुषालाच मिळाली.